लेख पाह्यला काय?

कुठलंही पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. बायको म्हणते, तुम्हाला शेवट आधी कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. तसं काही नाही. मी शेवट बघत नाही, संदर्भसूची बघतो, आणि ही खोड मला रिसोडच्या मंदाताई खोडके यांनी लावली. मंदाताई कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हत्या. बारावी झालेली बाई, बस स्टँडमागच्या गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवायची. पण शोधपत्रिकेतल्या लेखाचा संदर्भ कसा द्यायचा, हे मला विद्यापीठात कोणी शिकवलं नाही, ते त्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, माझी चांगली जिरवून शिकवलं.

दुकान एवढंसं. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे छताला टेकलेलं लोखंडी कपाट. कॉम्प्युटरच्या डब्यावर रोज सांभाराची एक जुडी ठेवलेली असायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. ताईंचे यजमान नामदेवराव गावाबाहेर भाजीपाला करायचे. सकाळी बाजारात माल उतरवून ते ताईंना मोटरसायकलवर दुकानात सोडत आणि उरलेली जुडी त्यांच्या हातात देऊन जात. त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच विद्वानांच्या प्रबंधांना पहिले काही दिवस सांभाराचा वास यायचा. माझ्या प्रबंधालाही आला.

मी तेव्हा कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. दरवर्षी उन्हाळा आला की धाकधूक, पुढच्या साली बोलावतात की नाही. पीएचडी झाली तर काही आशा होती. आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्या पोरींच्या शाळेचं काय होतं, हा माझा विषय. लिहून झालेलं बाड सुतळीनं बांधून मी ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि ऐटीत म्हणालो, पहिलं प्रकरण कधी मिळेल?

ताईंनी सुतळी सोडली, बाड उलटं केलं आणि शेवटचे कागद वर घेतले. आधी सूची, मग पहिलं प्रकरण, असा त्यांचा कायदा होता. मी म्हणालो, सगळे तर सूची शेवटी करतात. त्या म्हणाल्या, म्हणूनच सगळ्यांची खराब असते. शेवटाला माणूस थकते अन् हाताला लागेल ते भरून मोकळा होते. मग त्यांनी पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, लेख पाह्यला काय?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्या डोयानं. हातात धरून."

मला राग आला. मी प्राध्यापक, भले तासिकेवरचा असेन, आणि ही टायपिंगवाली बाई माझी उलटतपासणी घेणार? मी म्हणालो, तुम्ही टाइप करा ना, तुम्हाला काय करायचंय. त्या शांतपणे म्हणाल्या की समोरच्या गल्लीत दुसरं दुकान आहे, ते लोक काही विचारत नाहीत, काम पण चांगलं करतात. असं म्हणून त्या बाड पुन्हा बांधायला लागल्या. मी खुर्चीवर बसलो. का बसलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या नोंदीतला लेख मी खरोखरच पाहिलेला नव्हता म्हणून.

त्यांची अट साधी होती. सूचीत जेवढे लेख, तेवढ्यांच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणून दाखवायची. टायपिंग माझ्या अक्षरावरून होणार नाही, त्या पानावरून होईल. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी मला एकदाच समजावून सांगितलं.

"लेखाले पत्ता असते सर. मानसाचं नाव, साल, लेखाचं नाव, मंग थो कोन्या पत्रिकेत राह्यते, कोनता खंड, कोनता अंक, कोन्त्या पानापासून कोन्त्या पानापर्यंत. यातलं एक सुटलं तर मांगून येनारा मानूस गावभर फिरून राह्यते अन् घर काई सापडत नाई."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या यादीत एक लेख काढून दाखवला. तो पान पंचेचाळीसवर सुरू होऊन पान अडतीसवर संपत होता. हा लेख उलटा चालते काय, असं त्यांनी विचारलं. झेरॉक्स काढायला आलेली दोन माणसं हसली. मी पण हसलो, पण कान तापले होते.

पुढचे चार महिने मी त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. ताईंची कामाची रीत बघण्यासारखी होती. पत्रिकेचं नाव तिरपं करताना त्या स्वतःची मानही जराशी तिरपी करत. लेखाचं नाव अवतरणात, पत्रिकेचं तिरपं. हे उलट झालेलं दिसलं की त्यांना ताटात मीठ जास्त पडल्यासारखं व्हायचं. कोणी लेखकाच्या जागी 'इंटरनेट' असं लिहून आणलं की त्या इंटरनेटरावांचं गाव कोणतं म्हणून विचारत. एका बाईंनी दुसऱ्याच्या प्रबंधातून उतारा उचलून मूळ लेखाचा संदर्भ टाकला होता. ताईंनी दोन प्रश्नांत ते काढून घेतलं आणि म्हणाल्या, मग तसं लिहा ना, की अमक्याचा लेख तमक्याच्या प्रबंधातून घेतला. यात लाज कसली? न पाहताच पाहिला म्हणायचं, लाज याची पाहिजे. त्या बाई रागारागानं निघून गेल्या आणि आठ दिवसांनी मूळ लेखाची झेरॉक्स घेऊन परत आल्या.

ही सवय टायपिंगपुरती नव्हती, तिचा गमतीचा भाग तर पुढेच आहे. ताईंच्या तोंडून कधी मोकळी बातमी आली नाही. केनवडच्या अमक्याच्या पोरीचं लग्न जमलं, एवढं सांगून त्या थांबत नसत. हे माझ्या नणंदेनं सांगितलं, तिनं मंगळवारी बाजारात ऐकलं, तिनं स्वतः काही पाहिलं नाही, एवढी शेपटी जोडूनच बातमी पुढे सरकायची. भाजीत ओवा टाकायची युक्तीही सासूच्या नावावर, आणि सासूला ती तिच्या जावेनं सांगितलेली. नामदेवराव चेष्टा करायचे, हिला साप दिसला तर आधी कोणी पाहिला ते सांगेल. ताई म्हणत, मग काय, माझ्या नावावर कायले खपवू?

एवढी कडक बाई, पण माझ्या सूचीतल्या एका नोंदीची झेरॉक्स त्यांनी मागितलीच नाही. ती नोंद होती वसंत आसोले या प्राध्यापकांच्या लेखाची. 'वाड्यांवरच्या मुली आणि शाळा' असं त्याचं नाव, अमरावतीहून निघणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या एका त्रैमासिकात आलेला, पान बत्तीस ते एकेचाळीस. ऊसतोडीच्या विषयावर आमच्याकडे जो कोणी लिहील, त्याला हा लेख टाळता येत नसे. माझे मार्गदर्शक काळे सर वाशीमला राहायचे; त्यांच्या प्रबंधात तो होता आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात होता. सगळे प्रबंध ताईंनीच टाइप केलेले. माझ्या यादीत ती नोंद आली तेव्हा ताई लाडानं म्हणाल्या की हा आपल्या घरचा आहे, हा मला तोंडपाठ आहे, आणि पुढे गेल्या. मीही तो काळे सरांच्या प्रबंधातूनच उतरवून घेतला होता. मी पुढच्या नोंदीची झेरॉक्स पुढे केली.

प्रबंध जमा करायला सहा दिवस उरले होते. एका दुसऱ्याच लेखाच्या झेरॉक्ससाठी मला अकोल्याच्या एका जुन्या ग्रंथालयात जावं लागलं. तिथल्या कपाटात त्या त्रैमासिकाचे बांधलेले खंड दिसले. आलोच आहोत तर बघू, म्हणून मी खंड काढला. पान बत्तीस. 'वाड्यांवरच्या मुली आणि शाळा'. खाली नाव होतं विमल इंगळे, शिक्षिका, रिठद.

मी पुन्हा वर पाहिलं, मुखपृष्ठ पाहिलं, साल पाहिलं. सगळं जुळत होतं, नाव सोडून. आसोले सरांचा लेख पण होता, आधीच्या अंकात, ज्वारीच्या घटत्या पेऱ्यावर. पोरींचा त्यात कुठे संबंधच नव्हता.

आता खरं सांगतो, त्या क्षणी मला विमल इंगळ्यांचं वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला आनंद झाला. चार महिने या बाईनं मला पाण्यात पाहिलं होतं, आता सापडली! एसटीत बसून रिसोडपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य घोळवत होतो. दुकानात शिरलो, झेरॉक्स पाठीमागे लपवली, आसोल्यांच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि त्यांच्याच सुरात विचारलं, ताई, लेख पाह्यला काय?

त्या हसल्या. मी कागद समोर ठेवला.

त्यांनी वाचला. चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा वाचला. मग उठल्या आणि लोखंडी कपाट उघडलं. गिऱ्हाइकांची हस्तलिखितं त्या टाकून देत नसत. सालाप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवत. सगळ्यात खालचा, पंधरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा त्यांनी ओढून काढला. तो काळे सरांच्या प्रबंधाचा होता, या दुकानातलं पहिलं मोठं काम. सूचीचं पान सापडलं. काळे सरांच्या टपोऱ्या अक्षरात एकाखाली एक दोन नोंदी होत्या. वर आसोले, ज्वारी. खाली इंगळे, वाड्यांवरच्या मुली. दोन्ही बरोबर.

ताई खाली फरशीवरच बसल्या.

"लाइन गेली होती सर," त्या म्हणाल्या. "आसोल्याचं नाव टाइप केलं अन् लाइन गेली. आली तवा मी खालच्या ओळीवर बसली."

वीज गेलेली पंधरा वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना खरंच आठवत होती की त्या अंदाज बांधत होत्या, मला माहीत नाही. पण दिसत तर तसंच होतं. एकाचं नाव आणि दुसरीचा लेख, मधली ओळ गायब. काळे सरांनी छापील प्रत तपासली नाही. पुढे त्यांचे विद्यार्थी छापील प्रतीवरून उतरवत गेले आणि ताई आपल्याच चुकीला घरचं माणूस समजून दर वेळी बिनविचारता आत घेत गेल्या. माझा प्रबंध पाचवा होता.

माझा आनंद कुठल्या कुठे गेला. मी त्यांना समजावू लागलो. आपण माझ्या सूचीत दुरुस्त करू, झालं. बाकीचे प्रबंध बांधून विद्यापीठात पडलेत, त्यांना कोण उघडून बघतं? शिवाय काळे सरांची सही मला याच आठवड्यात हवी होती. त्यांच्याच प्रबंधातली चूक काढून त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे माझी नोकरी, सही, सगळंच टांगणीला. हे सगळं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. भीती वाटते असंही सांगितलं.

"तुमचं दुरुस्त होईन सर," त्या म्हणाल्या. "तिचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. मी घरी गेलो तर ताईंनी रात्रीतूनच चार शुद्धिपत्रं टाइप करून ठेवली होती. अमक्या पानावरील नोंद चुकीची असून योग्य नोंद अशी, आणि खाली: 'ही चूक टंकलेखनात झाली आहे. टंकलेखक, मंदा खोडके, रिसोड.' प्रबंध टाइप करणाऱ्याचं नाव प्रबंधात कुठेच नसतं. ताईंचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते या चिठ्ठीवर.

वाशीमला त्या एकट्या जाणार होत्या. माझी लाज मला घरी बसू देईना, मीही गेलो. काळे सर सुरुवातीला ऐकूनच घेईनात. पंधरा वर्षांत कोणी विचारलं नाही, आता कशाला उकरता, म्हणाले, आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. ताईंनी पिशवीतून सरांच्याच हातचं पिवळं पडलेलं पान काढून समोर ठेवलं. तुम्ही बरोबर लिहिलं होतं, तुम्ही लेख पाहिला होता, चूक माझी आहे आणि चिठ्ठीवर नाव पण माझंच आहे, एवढंच बोलल्या. सरांनी आपलं अक्षर बराच वेळ पाहिलं. मग आतून प्रबंधाची प्रत आणली, डिंकाची बाटली मागवली आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं चिकटवली. निघताना माझ्या कागदांवर सहीसुद्धा केली, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाकीच्या तिघांपैकी दोघांनी चिठ्ठी लावून घेतली. एकानं घेतली आणि खिशात घातली, तिचं पुढे काय केलं ते ताईंनी पाहिलं नाही, म्हणून त्या ते कधी सांगतही नसत.

राहिलं रिठद. विमलबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरासमोर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि बाई खाटेवर बसून त्या निवडत होत्या. ताईंनी पाया पडून, उभ्यानंच, आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लाइन गेल्याचं सांगितलं, पण त्यावर ढकललं नाही. बाईंनी पूर्ण ऐकलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"पंधरा वरसं, बाई," त्या म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाल्या.

मला वाटलं आता बाई भडकतील. त्यांना राग आला होता, तो दिसत होता. पण त्या दुसरंच बोलल्या.

"मले वाटे कोनी वाचलाच नाई. दोन वरसं वाड्यावाड्यांनं पायी फिरली मी. छापून आला तवा रोज पोस्टमनची वाट पाहे, कोनी काई लिहीन म्हून. मंग वाट पाहनं सोडून देल्लं."

ताईंनी पिशवीतून वही काढली. त्या रिकाम्या हातानं आल्या नव्हत्या. पाचही प्रबंध पुन्हा चाळून, हा लेख कोणी, कोणत्या प्रकरणात, कोणत्या पानावर वापरला आणि बाईंचं कोणतं वाक्य घेतलं, हे त्यांनी उतरवून आणलं होतं. त्या वाचू लागल्या. एका पोरीनं धाकट्या भावाला कडेवर घेऊन परीक्षा दिली, हे बाईंचं वाक्य तीन प्रबंधांत होतं. बाईंनी ते ऐकून त्या पोरीचं नाव सांगितलं. लेखात ते नव्हतं, म्हणाल्या, तिच्या बापानं छापू नका म्हटलं होतं. सगळं वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, ते पहिलं वाच, नावाचं. ताईंनी वाचलं: इंगळे, विमल. मग साल, लेख, त्रैमासिक, खंड, अंक, पान बत्तीस ते एकेचाळीस. बाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. ताईंनी पुन्हा वाचलं. मी उठून तुरीकडे बघत उभा राहिलो, कारण माझ्याच्यानं बसवत नव्हतं.

प्रबंध माझा वेळेवर गेला. पुढे नोकरीही पक्की झाली. ताईंचं दुकान मात्र दोन वर्षांपूर्वी बंद झालं. आता पोरं मोबाईलला विचारतात आणि वीस संदर्भ एका दमात हजर होतात. नावं रुबाबदार, खंड, अंक, पानं सगळं जागच्या जागी, आणि त्यातले काही लेख जन्मालाच आलेले नसतात. परवा एका विद्यार्थिनीनं असली यादी आणली. मी कागद उलटा केला, पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि तिला विचारलं. तिला राग आला. मला बरं वाटलं.

ताई मला शेवटच्या भेटल्या त्या रिसोडच्या बाजारात, या हिवाळ्यात. नामदेवरावांशेजारी पोत्यावर बसल्या होत्या, पुढे वांगी आणि सांभाराच्या जुड्या. मला बघून सरकून जागा केली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, नेहमीच्या शेपट्यांसह. हे जावेनं सांगितलं, ते एसटीत ऐकलं. मग त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"विमलबाई गेल्या सर. हे कोनी सांगतलेलं नाई. मी तिथं होती."

त्यांनी पिशवीतून तेरवीची पत्रिका काढून माझ्या हातात दिली. बाईंच्या मुलानं मजकूर करायला ताईंनाच बोलावलं होतं. वर फोटो, फोटोखाली नाव, आणि नावाखाली, जिथे लोक देवाची ओळ टाकतात तिथे, एक ओळ होती. इंगळे, विमल. साल. लेखाचं नाव अवतरणात, त्रैमासिकाचं नाव तिरपं, खंड, अंक, पान बत्तीस ते एकेचाळीस. सोयऱ्याधायऱ्यांना ते काय आहे ते कळलं नसणार, पण बाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. मी मान वर केली तर ताई म्हणाल्या, ऐकीव नाही, मलाच सांगितलं होतं, समोर बसून.

समोर गिऱ्हाईक उभं राहिलं. ताई वांगी मोजायला लागल्या आणि तराजूकडे बघत मला म्हणाल्या, "पाहून घ्या सर एकडाव. पानं बरोबर हाये ना?"

मला ती ओळ तोंडपाठ होती. तरी मी चष्मा लावला आणि नीट पाहिली.